पंगतीत सगळे आले का?

मागच्या अंकात दृढीकरणाच्या (बाप्तिस्मा झालेल्यानं मोठं झाल्यावर मंडळीसमोर विश्वासाची कबुली द्यायचा विधी) उत्तरात प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षाचा रस घ्यायच्या विधीचा, उल्लेख एका ओळीत येऊन गेला आणि त्या एका ओळीवरच एवढे मेसेज आले की यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. नावं कुणाचीच देत नाही, गावं तेवढी दिलीत. मी पाळक (पास्टर) नाही, चाळीस वर्षं मंडळीत (चर्चच्या समुदायात) बसणारी आणि त्यातली बरीच वर्षं प्रभुभोजनाची तयारी करणारी बाई आहे, तेव्हा जे बघितलंय, वाचलंय, ते सांगते.

राजारामपुरीतून एक ताई विचारतात: ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या मुलाचं दृढीकरण होतं म्हणून मी पहिल्यांदाच चर्चला गेले. मधेच ब्रेडच्या तुकड्यांची ताटली आली. मी प्रसाद समजून घेतला, डोळ्यांना लावला आणि खाल्ला, मग छोट्या कपातलं पण प्यायले. शेजारच्या बाई जरा बघायला लागल्या तेव्हा काहीतरी चुकलं असं वाटलं. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, म्हणजे आता तू त्यांच्यातली झालीस का? मला दोन्हीकडून अपराधी वाटतंय.

ताई, पहिली गोष्ट सासूबाईंना सांगा, असं खाऊन कुणी ख्रिस्ती होत नाही. त्यासाठी बाप्तिस्मा असतो, तो स्वतःच्या तोंडानं कबुली देऊन, मंडळीसमोर, पाण्यानं होतो (लहान बाळाचा असेल तर आईवडील कबुली देतात). तुम्ही जे केलंत ते आपल्याकडच्या रीतीप्रमाणं अगदी बरोबर होतं. अंबाबाईचा लाडू कुणी हातावर ठेवला तर आपण जात-धर्म विचारत बसत नाही, नको म्हणणं म्हणजे देवाचा अपमान, हेच लहानपणापासून शिकलोय ना आपण सगळे.

पण प्रभुभोजन दिसायला प्रसादासारखं असलं तरी मुळात ते एक जेवण आहे. यहुदी लोकांचा वल्हांडण सण, त्यांचे पूर्वज मिसर देशातल्या गुलामगिरीतून रात्रीच्या रात्री निघाले त्याची आठवण, निघायची एवढी घाई की पीठ फुगायला वेळ नव्हता म्हणून बेखमीर भाकर. त्या सणाच्या जेवणाला येशू शिष्यांबरोबर जेरुसलेममध्ये माडीवरच्या खोलीत बसला, दुसऱ्या दिवशी त्याला क्रुसावर देणार होते. त्यानं भाकर घेतली, देवाचे आभार मानले, मोडली आणि त्यांना दिली, म्हणाला हे माझं शरीर आहे. मग प्याला घेतला, हे नव्या कराराचं माझं रक्त, माझ्या आठवणीसाठी हे करत जा.

आमच्या मराठी बायबलात भाकर हाच शब्द आहे आणि मला तो फार आवडतो. आपल्याकडं शेतात जेवताना कोण पाहुणा आला तर भाकरी सुरीनं कापत नाहीत, हातानं मोडतात आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवतात, त्यानं घेतली की तो आपला झाला. तसंच हे. त्यात करार हा शब्द आलाय, म्हणजे जो घेतो तो म्हणतो की या करारात मी आहे, येशूचं मरण माझ्यासाठी होतं आणि या बाकी लोकांशी मी आता बांधलो गेलोय. म्हणून बहुतेक मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्यांनीच, आणि बऱ्याच ठिकाणी दृढीकरण झालेल्यांनीच घ्यायची पद्धत आहे. बाहेरच्याला विटाळ म्हणून नाही. ज्या करारावर तुम्ही सही केलेली नाही तो तुमच्यावर लादायचा नाही, एवढंच.

पुढच्या वेळी ताटली आली की हात जोडा आणि शेजारी सरकवा, कुणाला वाईट वाटत नाही. आणि त्या दिवशी चूक असेल तर तुमच्या मैत्रिणीची आणि त्या शेजारच्या बाईंची. बघत बसण्यापेक्षा आधी कानात सांगायचं होतं. तुम्ही तो तुकडा डोळ्यांना लावलात हे वाचून मला भरून आलं, आमच्यातले कितीतरी जण मोबाईल खिशात टाकता टाकता तो तोंडात टाकतात.

न्यू शाहूपुरीतून एक नवविवाहित: मी इथल्या जुन्या प्रोटेस्टंट घरातला, बायको वसईची कॅथलिक. ती म्हणते आमच्या मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) ती भाकर म्हणजे खरोखर येशू असतो, तुमच्याकडं नुसती आठवण. मी तिच्याबरोबर मिस्साला गेलो तर रांगेत उभं राहून घेऊ का? आणि खरं कोणाचं?

खरं कोणाचं यावर पाचशे वर्षं विद्वान भांडले, मी कोल्हापुरात बसून निकाल देणार नाही, पण दोघांचं म्हणणं नीट कळलं तर घरात तरी वाद व्हायचा नाही.

तुमच्या बायकोच्या मंडळीचं म्हणणं असं की फादरनी ते शब्द उच्चारले की भाकर भाकर राहत नाही. रंग, वास, चव सगळं तेच, पण आतलं तत्त्व बदलून ख्रिस्ताचं शरीर होतं. 1215 च्या लॅटरन परिषदेत ही शिकवण अधिकृत झाली. म्हणून मिस्सानंतर उरलेला परमप्रसाद (ती भाकर) ते फेकत नाहीत की वाटून खात नाहीत, वेदीजवळच्या पेटीत कुलपात ठेवतात, शेजारी दिवा तेवत असतो आणि समोरून जाताना गुडघा टेकतात. हे समजून घेतलंत तर ती तुमच्या ताटलीकडं बघून का दचकते ते कळेल.

इकडं प्रोटेस्टंटांत पण एकमत नव्हतं. 1529 साली जर्मनीत मारबुर्गला प्रोटेस्टंट चळवळीचे दोन पुढारी, मार्टिन लूथर आणि स्वित्झर्लंडचे झ्विंगली समोरासमोर बसले, झ्विंगली म्हणत होते हे चिन्ह आहे, आठवण आहे, तर लूथरनी टेबलावर खडूनं 'हे माझं शरीर आहे' एवढंच लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आणि त्यावरून ते हललेच नाहीत. बाकी चौदा मुद्द्यांवर जुळलं, या एकावर फाटलं. नंतरचे प्रोटेस्टंट पुढारी कॅल्विन यांनी मधली वाट काढली, भाकर भाकरच राहते पण पवित्र आत्म्याच्या द्वारे ख्रिस्त खरोखर भेटतो, खरोखर पोसतो. आपल्या कोल्हापूरच्या जुन्या मंडळ्यांचं मूळ इथंच आहे. 1852 ला अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथं आले आणि 1870 ला ते काम अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं, ती मंडळी कॅल्विनच्या परंपरेतली. आपण उठून पुढं जात नाही, बाकावर बसून राहतो आणि मंडळीचे वडील (मंडळीनं निवडलेले पुढारी) ताटली आपल्यापर्यंत घेऊन येतात, ही रीत पण तिकडचीच, कारण जेवायला माणूस बसलेला असतो.

तेव्हा तुमची बाजू 'नुसती आठवण' अशी सांगूच नका. वल्हांडणाला यहुदी माणूस आजही म्हणतो की मिसरातून फक्त माझे पूर्वज सुटले नाहीत, मी सुटलो. आठवण म्हणजे फोटो बघणं नव्हे, त्यात पुन्हा आत शिरणं, येशूनं स्मरण हा शब्द वापरला तो त्या पंगतीत बसून.

आता रांगेचं. घेऊ नका. कॅथलिक मंडळीच्या नियमात अपवाद सोडले तर आपल्या प्रोटेस्टंटांना देत नाहीत, फादरना न सांगता गुपचूप घेणं म्हणजे त्यांच्या घरात त्यांना फसवणं. पुष्कळ ठिकाणी छातीवर हात दुमडून पुढं गेलं तर फादर आशीर्वाद देतात, तसं चालेल का हे आधी विचारून घ्या. नवरा-बायको एका ताटात जेवतात आणि रविवारी या एका जेवणाला वेगळी होतात, याचं मला फार वाईट वाटतं. ते दुःख दोघांनी मिळून प्रार्थनेत सांगा. पण 'बघ तुमचेच लोक कसे' असं तिला ऐकवू नका, तो नियम तिनं केलेला नाही.

कसबा बावड्यातून एक बहीण: माझा भाऊ नऊ महिने झाले दारू सोडून आहे. आता माझ्याबरोबर उपासनेला येतो पण कप आला की त्याचा हात थरथरतो. त्यात दारू असते का?

आपल्याकडच्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत नसते. मी स्वतः करते ते सांगते. तासगावच्या काळ्या मनुका आणायच्या, बी असलं तरी चालतं, स्वच्छ धुवून शुक्रवारी रात्री गरम पाण्यात भिजत घालायच्या. शनिवारी त्याच पाण्यात मंद आचेवर उकळायच्या, फुगून टम्म झाल्या की गार करून हातानं कुस्करायच्या आणि पातळ मलमलच्या कापडातून दोनदा गाळायचं. साखर घालायची नाही. गडद तांबूस रंग येतो आणि गोडसर तुरट वास सगळ्या घरात. मग लगेच फ्रीजमध्ये, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण उन्हाळ्यात ते दोन दिवस बाहेर राहिलं तर आंबायला लागतं आणि मग त्याला दारूचा वास येतोच. म्हणून मागच्या महिन्याची उरलेली बाटली कुणी वापरत असेल तर अजिबात वापरू देऊ नका.

ही काळजी आपल्यालाच पहिल्यांदा सुचली असंही नाही. अमेरिकेत थॉमस वेल्च नावाचे मेथॉडिस्ट दंतवैद्य होते, त्यांनी 1869 मध्ये द्राक्षाचा रस तापवून न आंबता टिकवायची पद्धत काढली ती प्रभुभोजनासाठीच. कॅथलिक मिस्सामध्ये मात्र खरी द्राक्षाची वाइन असते, पण तिथं लोकांना बऱ्याचदा फक्त भाकरच देतात आणि त्यातच सगळं मिळालं असं मानतात.

भावाला सांगा तयारी करणाऱ्या बाईंना जाऊन सरळ विचार, लाजायचं काही कारण नाही. तरी शंका वाटली तर नुसती भाकर घ्यायची आणि कप पुढं द्यायचा. नऊ महिने म्हणजे फार मोठी गोष्ट आहे, त्याला माझा नमस्कार सांगा.

गडहिंग्लजकडून एक मुलगी लिहिते: आई 84 वर्षांची, अंथरुणावर आहे. दोन वर्षांत प्रभुभोजन मिळालं नाही. मंडळीत दोनदा सांगून झालं, येतो येतो म्हणतात. मोबाईलवर उपासना लावून मी घरीच ब्रेड दिला तर चालेल का?

हे वाचून मला राग आला, आधी ते सांगते. साधारण 155 साली रोममध्ये जस्टिन नावाचा ख्रिस्ती माणूस बादशहाला पत्र लिहून आमचे लोक रविवारी काय करतात ते समजावतो, त्यात म्हणतो की भाकर आणि प्याला हजर असलेल्यांना देतात आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडं सेवक घेऊन जातात. ज्या काळात ख्रिस्ती असणं जिवावर बेतायचं त्या काळात लोक घरोघरी पोचवत होते आणि आपल्याला मोटरसायकलवरून चार किलोमीटर जमेना. आता तिसऱ्यांदा तोंडी सांगू नका, मंडळीच्या वडिलांच्या सभेला लेखी द्या, तारीख मागा.

कोरोनात 2020 ला आम्ही घरोघरी ताटलीत ब्रेड ठेवून स्क्रीनसमोर बसलो, त्यावर पाळकांत तेव्हाही दोन मतं होती आणि आजही आहेत. मला वाटतं ती अडचणीच्या वेळची सोय होती, तुमच्या आईला आता मोबाईलची नाही, माणसाची गरज आहे. पाळक येतील त्या दिवशी छोट्या स्टुलावर पांढरा रुमाल अंथरा, घरातल्या सगळ्यांना बोलवा, शेजारच्या ख्रिस्ती बाईंना पण. आईला गिळता येत नसेल तर भाकरीचा अगदी कण रसात भिजवून, डॉक्टरांना विचारून. तेवढंही जमलं नाही तर ओठाला थेंब पुरतो.

हातकणंगले तालुक्यातून एक दादा: थोरला भाऊ आणि मी एकाच मंडळीत. वाटणीवरून केस चालू आहे, दोन वर्षं बोलणं बंद. बायबलात लिहिलंय की अयोग्य रीतीनं खाल्लं तर दोष लागतो, म्हणून मी ताटली न घेता पुढं देतो. तो मात्र घेतो. बायको म्हणते लोक बघतात. मी बरोबर करतोय का?

दादा, भीती वाटते म्हणजे तुम्ही ते वचन गंभीरपणे घेतलंय, पण ते कशावरून लिहिलं गेलं ते बघू. ग्रीसमधल्या करिंथ गावच्या मंडळीला येशूचा प्रेषित पौल यानं हे पत्र साधारण 55 च्या आसपास लिहिलं. तेव्हा प्रभुभोजन म्हणजे पोटभर जेवणच असायचं, घरून डबे आणायचे. श्रीमंत लवकर यायचे, आणलेलं खाऊन पिऊन तर्र व्हायचे, आणि मजूर, गुलाम माणसं दिवसभराचं काम उरकून येईपर्यंत काही शिल्लक नसायचं. एक उपाशी आणि एक झिंगलेला, एकाच पंगतीत. पौल म्हणतो तुम्ही जे खाताय ते प्रभुभोजन नव्हेच. अयोग्य रीत ती ही. आणि त्यावर त्यानं जो उपाय सांगितला तो इतका साधा आहे की आपण वाचून पुढं जातो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. पंगतीत शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत पहिला माणूस घास उचलत नाही. आणि कुणाबरोबर बसायचं, कुणाच्या हातचं घ्यायचं यावरून या देशात काय काय झालं तेही माहीत आहे. चर्च त्यातून सुटलं नव्हतं. दक्षिणेत तंजावरकडं जातीप्रमाणं वेगळं बसणं, वरच्या जातीनं आधी घेणं असलं चालायचं, 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे ताबडतोब आणि कायमचं बंद करा असं बजावलं तर कित्येक लोक मंडळी सोडून गेले. आपल्या कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या समाजातले म्हणून गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात लोक जाईनात तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा प्यायला लागले. महाराज ख्रिस्ती नव्हते, पण पौलाचं ते पत्र कळायला मला त्या कपभर चहाची फार मदत झाली.

तर तुमचा प्रश्न. आपण पापी आहोत म्हणून ताटली पुढं द्यायची असेल तर कुणीच घेऊ नये, कारण शेवटच्या त्या रात्री येशूच्या शेजारी त्याला धरून देणारा यहूदा बसला होता आणि तीनदा नाकारणारा पेत्र पण. भाऊ घेतो ते योग्य की अयोग्य हे तुम्ही मोजू नका, पौल म्हणतो माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. मग खावं, हे पण त्याच वाक्यात आहे. परीक्षा करून उपाशी राहा असं तो म्हणत नाही.

पण भाऊ चार बाक पुढं आणि तुम्ही मागं, मधे अबोला, आणि दोघंही एकाच भाकरीतलं, हे चालतं असंही मी म्हणणार नाही. येशू म्हणतो वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुझ्या मनात काय आहे ते नव्हे, त्याच्या मनात काय आहे ते.

माझी आई आणि धाकटी चुलती यांचं पण असंच होतं, भांड्यांवरून सुरू झालं आणि तीन वर्षं चाललं. आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, अशाच एका पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी आई ब्रेडच्या कडा कापत बसली होती, पांढऱ्या ब्रेडचे एकसारखे चौकोन करायची, कडा आम्हा मुलांना मिळायच्या. अर्धे तुकडे झाल्यावर सुरी ठेवून उठली, पदर नीट केला आणि काही न बोलता बाहेर पडली. तासाभरानं आली, हात धुतले, परत कापायला बसली. आम्ही तोंडाकडं बघत होतो. म्हणाली, "चहा दिला तिनं." एवढंच. भांड्यांचं काय झालं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, दुसऱ्या दिवशी दोघी लांब लांबच बसल्या, पण कप परत बाकाच्या लाकडी भोकात ठेवताना आईनं मागं वळून तिच्याकडं बघितलं हे मला अजून दिसतं.

केस मागं घ्या असं मी म्हणत नाही, हक्काचं असेल ते कोर्ट बघेल. पुढच्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शनिवारी, चहाच्या वेळेला, भावाकडं जा. सातबारा घरी ठेवा, वकिलाचं नाव काढू नका, फक्त म्हणा की उद्या प्रभुभोजन आहे म्हणून आलो. त्यानं बस म्हटलं तर बसा. दार उघडलं नाही तरी परत या, आणि दुसऱ्या दिवशी ताटली आली की घ्या.